गोळी एक, रांगा दोन

हे पुस्तक एका गोळीवर आहे. ७५ किंवा १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. कुठल्याही गावातल्या मेडिकलमध्ये मिळते आणि एका गोळीला रुपयाही पडत नाही. कुणी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून घेतं, कुणी नुसतं नाव सांगतं, कुणी औषधाची रिकामी पट्टी पुढे करून ‘हीच द्या’ म्हणतं. ‘एवढ्याशा गोळीवर अख्खं पुस्तक?’ असं प्रकाशकांनीही आधी विचारलं. विषय स्वस्त आहे म्हणून तो सोपा असेल असं आपण धरून चालतो, आणि या गोळीच्या बाबतीत तिथेच घोळ होतो.

ही गोळी घेणाऱ्यांच्या दोन रांगा आहेत. पहिल्या रांगेत हार्ट अटॅक येऊन गेलेले, अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवलेले, बायपास झालेले, किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पॅरालिसिसचा झटका आलेले लोक आहेत. दुसऱ्या रांगेतल्यांना यातलं काहीही झालेलं नाही. कुणाला बीपी आहे, कुणाला शुगर आहे, कुणाच्या वडिलांना अटॅक आला होता, आणि कुणी तर फक्त वयाला पन्नास वर्षं झाली म्हणून ‘हार्टला चांगली असते’ असं ऐकून रोज रात्री एक गोळी घेतं. दोन्ही रांगांतल्या माणसांच्या तळहातावर पडणारी गोळी तीच असते, पण तिच्यापासून होणारा फायदा आणि तोटा यांचं गणित दोन्हीकडे अगदी निराळं आहे. आपण कोणत्या रांगेत आहोत हे वाचकाला नक्की कळावं, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं.

गणित म्हटलंच आहे तर आकडे आधी मांडते. २००९ साली अ‍ॅस्पिरिनच्या जुन्या चाचण्यांमधली माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या रांगेतल्या लोकांमध्ये अ‍ॅस्पिरिन न घेणाऱ्या १,००० जणांपैकी वर्षाला साधारण ८२ जणांना हृदयाचा किंवा मेंदूचा गंभीर झटका आला. घेणाऱ्यांमध्ये तो आकडा ६७ वर आला. म्हणजे दर हजारी वर्षाला १५ माणसं वाचली. रोज एक स्वस्त गोळी घेऊन मिळणारा हा फायदा थोडाथोडका नाही. दुसऱ्या रांगेत मात्र हा फरक १,००० मागे मोजताच येत नाही, त्यासाठी १०,००० माणसं घ्यावी लागतात. त्या १०,००० पैकी वर्षाला ५७ जणांना झटका येणार होता, अ‍ॅस्पिरिनमुळे तो ५१ जणांना आला. सहा जण वाचले. त्याच १०,००० मध्ये पोटातून किंवा मेंदूबाहेर इतरत्र गंभीर रक्तस्राव होणारे ७ चे १० झाले. सहा वाचले, तिघांना रक्तस्राव झाला, आणि उरलेल्या जवळजवळ सगळ्यांनी वर्षभर गोळी घेतली ती ना फायद्याची ना तोट्याची. शिवाय या चाचण्या बहुतांशी जुन्या काळातल्या. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं तेव्हा सर्रास दिली जात नव्हती. आज बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा नीट बंदोबस्त केला, तर अ‍ॅस्पिरिनने वाचवायला उरणारी माणसं आणखी कमी होतात. रक्तस्राव मात्र तेवढाच राहतो.

हे असं का होतं, ते कळायला गोळी शरीरात काय करते ते पाहावं लागतं. डेंग्यूच्या साथीमुळे प्लेटलेट हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. रक्तवाहिनीला कुठे चीर गेली की या प्लेटलेट तिथे चिकटतात, थ्रोम्बॉक्झेन नावाचं रसायन सोडतात आणि आणखी प्लेटलेट जमवतात. विळीवर बोट कापलं तर हे व्हायलाच हवं. पण हृदयाच्या धमनीत साठलेला चरबीचा थर फुटतो तेव्हाही त्या हेच करतात, आणि तिथे झालेली गुठळी जिवावर बेतते. अ‍ॅस्पिरिन थ्रोम्बॉक्झेन बनवणारं एन्झाइम कायमचं निकामी करतं. शरीरातल्या इतर पेशी नवं एन्झाइम तयार करून घेतात. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, त्यामुळे तिला ते जमत नाही. ती सात ते दहा दिवस जगते आणि तेवढे दिवस तशीच लुळी राहते. रोज फक्त दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात, त्यांच्यापुरता छोटा डोस पुरतो. जास्त मिलिग्रॅमने जास्त संरक्षण मिळत नाही ते यामुळेच. २०२१ साली अमेरिकेत हृदयरोगाच्या १५,०७६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ८१ आणि ३२५ मिलिग्रॅमची तुलना केली, तेव्हा झटक्यांत फरक पडला नाही.

आता या कहाणीची दुसरी बाजू. जठराच्या अस्तराला आम्लापासून वाचवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं याच एन्झाइमच्या कामातून बनतात. म्हणजे हृदयाला वाचवणारी क्रिया आणि पोटाला उघडं पाडणारी क्रिया वेगवेगळी नाही, एकच आहे. एक घेतली की दुसरी आपोआप येते. ब्रिटनमधले औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली अ‍ॅस्पिरिनच्या कामाची ही किल्ली शोधली, आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

अ‍ॅस्पिरिन औषध म्हणून बाजारात आलं ते १८९९ साली, बायर या जर्मन कंपनीकडून. ते तापावर आणि अंगदुखीवर विकलं जाई, हृदयाचा संबंध नव्हता. तो जोडण्याचं श्रेय ज्याला द्यायला हवं तो माणूस बहुतेकांना ठाऊकही नाही. लॉरेन्स क्रेव्हन हे कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलमध्ये प्रॅक्टिस करणारे साधे जनरल प्रॅक्टिशनर. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर घसा दुखू नये म्हणून ते रोग्यांना अ‍ॅस्पिरिन असलेलं च्युइंगगम देत. त्यातल्या काहींना जरा जास्तच रक्त येतं, हे त्यांनी टिपलं. एखादा दुसरा डॉक्टर तेवढ्यावर च्युइंगगम बंद करून मोकळा झाला असता. क्रेव्हननी प्रश्न उलटा फिरवला : जे रक्त सहज गोठू देत नाही, ते धमनीतली गुठळीही अडवत असेल का? त्यांनी स्वतःवर मोठा डोस घेऊन पाहिला, नाकातून रक्त येईपर्यंत. मग आपल्या हजारो पुरुष रुग्णांना रोज अ‍ॅस्पिरिन द्यायला सुरुवात केली, आणि १९५० ते १९५६ या काळात निरीक्षणं छापली. छापली ती फारशा कुणी न वाचणाऱ्या प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकांत, आणि तुलनेसाठी अ‍ॅस्पिरिन न घेणारा गट त्यांच्याकडे नव्हता. त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही, आणि त्या काळच्या शास्त्राच्या कसोटीवर ते योग्यही होतं. १९५७ साली क्रेव्हन हार्ट अटॅकनेच गेले. त्यांची कल्पना बरोबर निघाली, पण अर्धीच. निरोगी पुरुषांना सरसकट गोळी द्यावी, हा जो भाग त्यांनी उत्साहाने मांडला होता, तोच पुढे सगळ्यात लंगडा ठरला.

बरोबर निघालेल्या भागाचा पुरावा यायला तीस वर्षं लागली. १९७४ साली पीटर एलवुड आणि आर्ची कॉक्रन यांची वेल्समधली चाचणी आली. अटॅक येऊन गेलेल्यांना उपयोग होत असावा, एवढी चाहूल तिने दिली, खात्री दिली नाही. खात्री दिली १९८८ च्या आयसिस-२ चाचणीने. हार्ट अटॅक घेऊन दाखल झालेले १७,१८७ रुग्ण. १६२.५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन महिनाभर दिल्यावर पाच आठवड्यांतले हृदयरक्तवाहिन्यांच्या आजाराचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज जोडीला दिलं तर घट ४२ टक्के. याच चाचणीची एक गंमत मला नेहमी सांगावीशी वाटते. बायकांचं काय, म्हाताऱ्यांचं काय, असे तुकडे पाडून निकाल दाखवा, असा आग्रह नियतकालिकाच्या संपादकांनी धरला. संशोधकांनी ते तुकडे दाखवले, आणि सोबत रुग्णांच्या जन्मराशींप्रमाणेही निकाल छापला. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होत नाही, उलट थोडा तोटाच होतो, असं त्या तक्त्यात दिसत होतं! एवढ्या लहान तुकड्यांत आकडे कसे नुसत्या योगायोगाने उलटेपालटे होतात, याचा तो चिमटा होता. ‘माझ्या ओळखीत एकाला...’ अशी सुरुवात करून कुणी औषधाचा गुण किंवा अवगुण सांगू लागलं, की मला तो तक्ता आठवतो.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल आला. हे लोक दुसऱ्या रांगेतले, निरोगी. एक दिवसाआड अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर त्यांचे हार्ट अटॅक ४४ टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा जगभरच्या वर्तमानपत्रांत गेला आणि आजही लोकांच्या डोक्यात तोच आहे. हृदयविकाराने होणारे एकूण मृत्यू मात्र त्या अभ्यासात घटले नव्हते, आणि मुळात अटॅक येणारेच इतके थोडे होते की ४४ टक्के म्हणजे प्रत्यक्षात मूठभर माणसं. टक्केवारी कशाच्या टक्के आहे हे विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. पुस्तकाचं तिसरं प्रकरण पूर्णपणे त्यावरच आहे, आणि वेळ कमी असेल तर निदान तेवढं तरी वाचा, अशी माझी विनंती आहे.

२०१८ साली एकाच वर्षात तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि दुसऱ्या रांगेचा निकाल बऱ्यापैकी लागला. मधुमेह असलेल्या १५,४८० जणांमध्ये गंभीर झटके १२ टक्क्यांनी कमी झाले, आणि मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढले. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ वृद्धांमध्ये, ज्यातले बहुतेक सत्तरीपुढचे होते, अ‍ॅस्पिरिनने निरोगी आयुष्य वाढलं नाही, रक्तस्राव मात्र वाढला. तिसऱ्या, मध्यम जोखमीच्या लोकांवरच्या चाचणीतही हाती काही लागलं नाही. त्यानंतर नियमावल्या बदलल्या. २०२२ पासून अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाचा सल्ला असा आहे की, हृदयविकार नसलेल्या माणसाने साठीनंतर अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये. चाळीस ते एकोणसाठ या वयात, जोखीम खरोखर जास्त असेल आणि रक्तस्रावाची भीती कमी असेल, तर डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवावं.

हे सगळं वाचून पहिल्या रांगेतल्या कुणी गोळी बंद करू नये. मला सगळ्यात मोठी धास्ती वाटते ती हीच. ‘अ‍ॅस्पिरिन धोकादायक’ अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, आणि ज्याला सहा महिन्यांपूर्वी स्टेंट बसला आहे तो गोळी थांबवतो. स्टेंटमध्ये अचानक गुठळी झाली तर ती जीवघेणी ठरू शकते. तशीही आपल्याकडची खरी अडचण जास्त गोळ्या घेतल्या जाण्याची नाहीच. ५१ देशांतल्या माहितीवर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयविकार किंवा पॅरालिसिस होऊन गेलेल्यांपैकी श्रीमंत देशांत ६५ टक्के लोक अ‍ॅस्पिरिन घेत होते. आपल्यासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत चौघांत जेमतेम एक. आणि दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हार्ट अटॅक येतो तोही इतरांपेक्षा पाचसहा वर्षं आधी, साधारण ५३ व्या वर्षी, असं २००४ च्या इंटरहार्ट या जागतिक अभ्यासाच्या माहितीतून दिसलं. म्हणजे घ्यायला हवी ते घेत नाहीत आणि ज्यांना गरज नाही ते हौसेने घेतात. गोळी महाग असती तर एक वेळ समजलं असतं. इथे कारणं वेगळी आहेत. डिस्चार्जच्या कागदावर तीन महिन्यांच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. त्या संपतात, तोवर छातीत दुखणं थांबलेलं असतं, आणि ‘आता बरं आहे की’ म्हणून विषय मिटतो. कुणाला ‘सवय लागेल’ अशी भीती असते, कुणाला औषध उष्ण पडतं. चातुर्मासात किंवा नवरात्रात उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी नको म्हणून गोळी राहते, आणि एकदा राहिली की राहतेच. उपवासाच्या दिवशीही साबुदाण्याची खिचडी किंवा दूध घेतल्यावर गोळी घेता येते, एवढं सांगणारं कुणी भेटत नाही.

पोटाबद्दल थोडं. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक छोट्या गोळ्यांवर जठरात न विरघळणारं आवरण असतं, आणि त्यामुळे ‘पोटाला त्रास नाही’ असा समज पसरला आहे. आवरणाने जळजळ कमी होईल, पण रक्तस्रावाचा धोका त्याने फारसा टळत नाही. कारण औषध आतड्यातून रक्तात गेल्यावर तेच काम जठराच्या अस्तरावरही करतंच. ज्यांना पूर्वी अल्सर झालेला आहे, वय सत्तरीपुढे आहे, सोबत दुसरं गुठळीरोधक औषध किंवा स्टिरॉइड चालू आहे, त्यांना आम्ल कमी करणारी गोळी जोडीला लागते का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा उपचार केल्यास अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या वृद्धांमध्ये अल्सरमधून होणारा रक्तस्राव पहिली काही वर्षं तरी कमी होतो, हे ब्रिटनमधल्या २०२२ च्या चाचणीत दिसलं. आपल्याकडे हा जंतू घरोघरी आहे. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होणं ही धोक्याची खूण. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण त्या भरवशावर घरी बसू नये.

रोजच्या वापरातले खाचखळगे पुस्तकात सविस्तर आहेत, इथे दोन-तीनच घेते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेली आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या आधी पोटात गेली, तर ती प्लेटलेटमधली जागा अडवून बसते आणि अ‍ॅस्पिरिनचं काम वाया जातं. वर पोटाला दुहेरी मार. काही कॅप्सूलमध्ये कोलेस्टेरॉलच्या औषधासोबत अ‍ॅस्पिरिन भरलेलं असतं, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. ‘मी फक्त कोलेस्टेरॉलची गोळी घेतो’ असं म्हणणाऱ्यांच्या पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायला हवीत. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असली, तर अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल बरी. आणि हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने ती गोष्ट तपासणाऱ्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगावी. ती चालू ठेवायची की काही दिवस थांबवायची, हा निर्णय प्लेटलेटचा आकडा आणि स्टेंटचं वय पाहून होतो, अंदाजाने नव्हे. दात काढताना किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती बहुतेक वेळा थांबवावी लागत नाही. तरी लोक आठवडाभर आधी आपणहून थांबवतात आणि पुन्हा सुरू करायला विसरतात. दमा आणि नाकात मांस वाढण्याचा त्रास एकत्र असेल, तर अ‍ॅस्पिरिनने दम्याचा जोराचा झटका येऊ शकतो. आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना तापात घरची अ‍ॅस्पिरिन कधीच देऊ नये.

ऐन हार्ट अटॅकमधली अ‍ॅस्पिरिन ही वेगळीच गोष्ट, आणि तिच्याबद्दल मी ठाम आहे. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, कळ जबड्यात किंवा हातात जातेय, अशा वेळी आधी १०८ ला फोन करायचा. रुग्णाला अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि कुठून रक्तस्राव होत नसेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यायची. गिळायची नाही, चावायची. आवरणाची गोळी अख्खी गिळली तर परिणामाला काही तास जातात, आणि तेवढे तास हातात नसतात. जिभेखालची गोळी हा निराळा प्रकार आहे. ती रक्तदाब एकदम खाली आणू शकते, म्हणून दुसऱ्याच्या डबीतली घेऊन कुणाच्याही तोंडात टाकू नये. पॅरालिसिसचा झटका आल्यासारखं वाटलं तर मात्र घरी अ‍ॅस्पिरिन अजिबात द्यायची नाही. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं हे गुठळीनेही होतं आणि मेंदूत रक्त फुटल्यानेही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, फरक सीटी स्कॅनमध्ये कळतो. रक्त फुटलेल्या मेंदूला अ‍ॅस्पिरिन देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

शेवटचं प्रकरण लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ज्यांना कधी अटॅक आला नाही, पण पन्नाशीत कुणी तरी सुरू करून दिलेली गोळी जे आज पंच्याहत्तरीतही घेत आहेत, त्यांचं काय? सुरू करू नये एवढं सांगणं सोपं आहे. वीस वर्षं चाललेलं थांबवावं का, यावर चाचण्या थोड्या आणि मतं पुष्कळ. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने पंच्याहत्तरीच्या आसपास थांबवण्याचा विचार करता येईल असं म्हटलं, तेही गणिती प्रारूपाच्या आधारावर. घरी म्हातारा बाप रोज देवापुढे दिवा लावल्यावर ती गोळी घेत असतो, आणि मुलगा पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून फोनवर ‘बाबा, नवीन रिसर्च आलंय, बंद करा’ म्हणतो. बाबा ऐकत नाहीत, आणि कधी कधी त्यांचं बरोबर असतं, कारण पंधरा वर्षांपूर्वी पायातल्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला होता, आणि तो कागद मुलाने कधी पाहिलेलाच नाही. पायातला तो अडथळा त्यांना पहिल्या रांगेत बसवतो. म्हणून त्या प्रकरणात उत्तराऐवजी प्रश्न दिले आहेत. गोळी पहिल्यांदा कुणी आणि कशासाठी लिहिली, तेव्हाचे रिपोर्ट कुठे आहेत, मधल्या काळात रक्तस्राव किंवा रक्त कमी होणं झालं का, बीपी आता किती असतं, सोबत आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. वाचकाने जुनी फाइल काढावी, ते पान भरून न्यावं आणि मग डॉक्टरांसमोर बसावं. पान कापून नेता यावं म्हणून पुस्तकात ते शेवटी, वेगळं छापलं आहे.